दोन आरसे कामाचे, बाकीचे शोभेचे

बाबांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांची उजवी बाजू गेलेली होती आणि वाचाही गेलेली होती. लकवा. जीव वाचला हे काय कमी आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि आम्हीही तेच एकमेकांना सांगत घरी आलो. पण घरी आल्यावर बाबांनी तोंडच मिटून घेतलं. गिळता येत होतं त्यांना. दवाखान्यात नर्सच्या हातून थोडी पेज पोटात गेली होती. घरी मात्र चमचा ओठांशी नेला की दात घट्ट. भावानं करून पाहिलं, भावजयीनं करून पाहिलं, मी तर रागावूनही पाहिलं. शेवटी डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

नळी हा शब्द ऐकून आई स्वयंपाकघरात गेली आणि पुन्हा पेज टाकायला लागली. आधीची तशीच भांड्यात होती.

बाबांचा पलंग आम्ही पुढच्या हॉलमध्ये टाकला होता, कमोडचं बाथरूम तिथून जवळ म्हणून. तिथं पडल्या पडल्या बाबा डावा हात उचलायचे आणि बाजूच्या भिंतीकडे बोट दाखवायचे. भिंतीवर काही नव्हतं. नवा क्रीम रंग, बस. आम्ही म्हटलं पंखा पाहिजे असेल. पंखा लावला. हातानं झिडकारलं. देवाचा फोटो आणून दाखवला, कॅलेंडर दाखवलं, टीव्ही लावून दिला. रिमोट खाली ढकलून दिला आणि पुन्हा बोट भिंतीकडे. डोळ्यांत असा वैताग की माझा बाप मला लहानपणीसुद्धा इतका चिडलेला आठवत नाही.

भावजय हुशार आहे. ती म्हणाली, "ताई, पलंगासमोर तो मोठा आरसा आहे ना, त्यात त्यांना स्वतःचं वाकडं तोंड दिसतं. म्हणून ते तोंड उघडत नसतील." मला पटलं. समोरच्या भिंतीवर सूर्यासारखे सोनेरी किरण असलेला एक भलामोठा आरसा होता, घर नवं केलं तेव्हाचा. आम्ही त्यावर पलंगपोस टाकला. बाबांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बोट पुन्हा त्याच भिंतीकडे.

त्या भिंतीवर पूर्वी काय होतं हे मला ठाऊक होतं. आरसा होता. पण त्या घरात आरसा कुठल्या भिंतीवर नव्हता, असं विचारा! त्यामुळे माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

आमचं घर लकडगंजातलं. पुढच्या रस्त्यावर आजोबांचं लाकडाचं दुकान, मागच्या गल्लीत घर. दिवसभर लाकूड कापायच्या आरा मशीनचा आवाज आणि हवेत भुसा. आईनं वाळवण टाकलं की त्यावरही भुसा बसायचा, आणि आमच्या घरचे पापड भाजले की सागवानाचा वास येतो असं मामा चिडवायचा. घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढे बैठक, मधली खोली, मागे स्वयंपाकघर. दारं मात्र एका रेषेत नव्हती. कुठल्या मिस्त्रीनं काय विचार करून काढली होती देव जाणे.

आणि या तीन खोल्यांत आरसेच आरसे. गोल, लांबट, अष्टकोनी, एक पोपटाच्या आकाराच्या चौकटीचा. एकात तोंड फुगलेलं दिसायचं. दुकानात उरलेल्या सागवानी पट्ट्या घरी आणून बाबा स्वतः चौकटी ठोकायचे. गल्लीत आम्हाला 'ऐनेवाले' म्हणत. लग्नाला निघालेल्या बाया आमच्या घरात डोकावून, साडी मागून कशी बसली ते पाहून पुढे जायच्या. "वहिनीले भारी हौस हाय बाप्पा," असं सगळे म्हणत आणि आई मान खाली घालून हसायची.

सकाळी बैठकीच्या खिडकीतून ऊन आलं की एका आरशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं ते मागपर्यंत पोचायचं. मे महिन्याच्या दुपारी खसच्या कूलरपुढे आम्ही भावंडं पालथी पडायचो आणि छतावरचे कवडसे बघत बघत झोपून जायचो. दिवाळीच्या आधी आरसे पुसायचं काम आमच्याकडे. ओला पेपर, मग कोरडा पेपर. फुगऱ्या आरशासाठी आमची मारामारी व्हायची. मी आजही कुणाच्या घरी पेपरनं काच पुसताना पाहिली की मला दिवाळी जवळ आल्यासारखं वाटतं. ते दिवस आठवले की जीव कासावीस होतो, खोटं कशाला बोलू?

एकदा एक लांबचे नातेवाईक आजोबांना म्हणाले, घरात इतके आरसे बरे नाहीत, लक्ष्मी टिकत नाही. आजोबा म्हणाले, "सुनेची हौस हाय, असू द्या." आजोबांच्या तोंडून हे म्हणजे फार झालं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण जुन्या वळणाचे. घरच्या बायकांनी बैठकीत यायचं नाही हा त्यांचा नियम. पुरुषमाणसं बसलेली असली तर नाहीच, आणि आमच्या बैठकीत पुरुषमाणसं कधी नव्हती? लाकडाचे व्यापारी, गिऱ्हाइकं, कुणी ना कुणी बसलेलंच. आईनं तो नियम कधी मोडला नाही. मोडायची तिला गरजच नव्हती असं आम्हा पोरांना वाटायचं, कारण आम्हाला तिची युक्ती माहीत होती.

मधल्या खोलीत दाराशेजारी एक आरसा होता आणि बैठकीच्या बाजूच्या भिंतीवर एक. ओट्यापाशी उभं राहून नुसती मान वर केली की या दोघांतून अख्खी बैठक दिसायची. कोण आलं, किती आले, कोण कुठं बसलं. आम्ही त्यांना 'चहाचे आरसे' म्हणायचो. आजोबांनी हाक मारायच्या आत चहा हजर, कप बरोबर तेवढेच, आणि त्यातला बिनसाखरेचा ज्याचा त्याला. पाहुणे तोंडात बोट घालायचे. आजोबा मिशीत हसायचे.

मला पाहायला पाहुणे आले तेव्हाही मी नवरा आधी त्याच आरशात पाहिला. तो चिवड्यातले शेंगदाणे वेचून वेचून खात होता. आई माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "दाणे वेचते वं, पण पोरगा सरळ दिसते." त्याच एका वाक्यावर माझं लग्न झालं. दाणे तो अजून वेचतो.

मग आजोबा गेले, दुकान बंद झालं, भाऊ नोकरीत स्थिरावला आणि त्यानं घर नवं करायला काढलं. एक इंटिरिअरवाला पोरगा आला. हातात टॅब. सगळीकडे फिरून म्हणाला, "मॅडम, इतके आरसे म्हणजे नुसती गर्दी. एकच मोठा स्टेटमेंट पीस लावू." स्टेटमेंट पोलीस ठाण्यात देतात एवढंच मला ठाऊक. पण घर भावाचं, पैसे भावाचे, मी सासुरवाशीण काय बोलणार? स्वयंपाकघर हॉलला जोडून टाकू म्हणत होता तो. ते आईनं होऊ दिलं नाही. फोडणीचा ठसका पाहुण्यांच्या नाकात जाईल म्हणाली. आरशांबद्दल विचारलं तर "आता कायले पाहिजेत?" म्हणून आत निघून गेली. जुन्या लुगड्यांत गुंडाळून सगळे आरसे माळ्यावर चढवले. बाबा काहीच बोलले नाहीत. तसेही ते कधी काय बोलले म्हणा!

तर नळीची गोष्ट ठरली त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. हॉलमध्ये गल्लीतले दोन-तीन जण भेटायला येऊन बसले होते. त्यात आरा मशीनवरचे एक काका, बाबांचे जुने दोस्तही होते. बाबा डोळे मिटून पडलेले, बोट अधूनमधून भिंतीकडे. मी स्वयंपाकघरात आले आणि आईवर उखडले. माझा स्वभावच तसा आहे. भीती वाटली की मी भांडते.

"आई, तू काही बोलत का नाहीस? इतकी वर्षं संसार केला, तुला तरी कळायला नको का त्यांना काय पाहिजे ते? संध्याकाळी नळी घालतील!"

आई पेज ढवळत होती. पाठ माझ्याकडे. मला तिचे कान दिसत होते आणि ते लाल झाले होते. ऐंशीच्या घरातली बाई, आणि कान लाल!

"ऐना," ती म्हणाली.

"कोणता ऐना?"

"तुमचा तो... चहाचा."

मला वाटलं आईचंही डोकं फिरलं. "बाबांना आता चहाचे कप मोजायचे आहेत का?"

तेव्हा ती वळली. "तू बी ना, मठ्ठच राहिली. मले इथून बैठक दिसे. तं बैठकीतून काय दिसे?"

मी गॅसच्या शेगडीकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं आणि आईकडे पाहिलं. इतकी वर्षं ते आरसे पुसले, त्यातून पाहुणे मोजले, नवरा पाहिला, आणि जी गोष्ट शेंबड्या पोरालाही कळेल ती मला कधी सुचली नव्हती. जिथून आपल्याला दिसतं, तिथून आपणही दिसतो.

मी खाली बसलेच. आई मात्र उभी राहूनच, चमचा हातात धरून, हळू आवाजात बोलत राहिली. हॉलमधल्या माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"मी कुहीकडची, खेड्यातली. वावरात मोकळी फिरलेली पोरगी. इथं आली तं तीन खोल्या अन् त्या मशीनचा आवाज. मोठ्यायसमोर नवऱ्यासंग बोलाची सोय नव्हती. एक शब्द बोलली तं मामाजी, तुये आजोबा, खाकरत. दिवस दिवस जाये. एकदा चुलीपाशी रडून राहिली होती, तं ह्यायनं जाता जाता पाहिलं. बोलले नाई काही. दुसऱ्या दिवशी एक ऐना घेऊन आले. मामाजीले म्हणले, गिऱ्हाइकानं टाकून देल्ला, वाया कायले घालवाचा. मंग काही दिवसानं दुसरा. मी खिळ्यावर टांगला, तं हे बैठकीतून मान हालवत, वर, खाली, थोडा तिरपा. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून."

ती खुर्ची! कडक लाकडाची, दारामागच्या कोपऱ्यातली. मे महिन्यात तिथं कूलरची एक झुळूक यायची नाही. सगळी माणसं गादीवर आणि बाबा घाम पुसत तिथंच. आम्ही हसायचो, बाबांना ऊन लागत नाही म्हणायचो.

"आणि बाकीचे आरसे?" मी विचारलं. "तो पोपट? तो फुगरा?"

"दोनच लावले असते तं मामाजीच्या ध्यानात नसतं आलं का वं? म्हून मंग बाकीचे. घरभर लावले, की लोकायले वाटावं हौस हाय."

मला हसू फुटलं आणि त्याच्याच मागून रडू. आमचं ते नावाजलेलं घर, ती सगळी सजावट, बायांचं कौतुक, दिवाळीची आमची ती मारामारी, सगळं या दोन माणसांनी एकमेकांना पाहण्यावर घातलेलं पांघरूण होतं. खरं सांगते, मला आईचा हेवा वाटला. माझा नवरा चांगला आहे, मला मिक्सर आणून देतो.

"काय पाहायचे गं ते?"

"काय पाहतेत? पोया लाटताना पाहत असन. मी वर पाहिलं की हे खाली पाहत. मी खाली पाहिलं की पाहत."

"मग कालपासून सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू पोराले? तुया बापाले मी पाहिजे म्हणून?"

मी तिला म्हटलं, मग तूच जा ना बाहेर. ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मी तिला चौकात उभं राहायला सांगितलं. "लोकं बसले हायेत ना वं तिथं." आजोबांना जाऊन किती वर्षं झाली! पण बाबांना घरी आणल्यापासून ती हॉलच्या दारापर्यंत यायची, चौकट धरून उभी राहायची, कुणी पाहुणा उठून "या ना काकू" म्हणाला की परत फिरायची. रिकाम्या हॉलमध्ये ती बाबांजवळ बसली असती. पण आजारी माणसाचा हॉल आपल्याकडे रिकामा राहतो कुठे? दिवसा पाहुणे, रात्री उशाशी आम्ही पोरं.

मी भावाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो आधी माझ्याकडे बघतच राहिला, मग शिडी लावून माळ्यावर चढला. लुगड्यांतून आरसे उतरवले. काचांवर डाग पडले होते, पण दिसत होतं. मग सुरू झाला तमाशा. बैठकीतला आरसा भाऊ जुन्या जागी धरून उभा राहिला. मधल्या खोलीत जिथं दुसरा असायचा तिथं आता सरकत्या दाराचं कपाट, म्हणून मी त्या कपाटापुढे आरसा पोटाशी धरून उभी. आरा मशीनवरचे काका पलंगामागे वाकून बाबांच्या नजरेच्या उंचीवरून सांगायला लागले, "उजवीकडे घ्या गा! अरे तुमची उजवी नाई, माझी!" आतून आई विचारतेय, "दिसलं का?" तिच्याशेजारून भावजय म्हणतेय, "माझं कोपर दिसतंय का बघा." बाबांनी डोळे उघडले होते. मान वळवून ते भिंतीवरच्या आरशात शोधत होते. कालपासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत वैताग नव्हता.

पण जमेना. घर नवं करताना मधलं दार सरकवलं होतं, आणि बाबाही आता खुर्चीत नव्हते, पलंगावर होते, खाली. आरसा वर केला तर छत, खाली केला तर फरशी. मी माझा आरसा काकांच्या हातात दिला आणि बाबांच्या उशाशी डोकं टेकवून ते पाहत होते तेच पाहिलं. फ्रिज दिसत होता, आणि फ्रिजवरची केळी.

बाबांनी हात खाली टाकला. तोंड फिरवलं आणि डोळे मिटून घेतले. भाऊ आरसा मांडीवर घेऊन खाली बसला. काका म्हणाले, "राहू द्या गा आता, थकले ते." मला हुंदका आवरेना. मी तिथूनच ओरडले, "आई, नाही दिसत तू. बाबांना तू दिसतच नाहीयेस!"

आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला.

मग आई आली, हातात पेजेची वाटी. हॉलच्या उंबऱ्याशी थांबली आणि तिनं डोक्यावर पदर घेतला, नीट, कपाळापर्यंत. काका संकोचून उठायला लागले तर म्हणाली, "बसा ना जी." भावाला म्हणाली, "सरक." आणि आम्हा सगळ्यांच्या देखत, गल्लीतल्या त्या माणसांच्या देखत, ती बाबांच्या पलंगावर बसली. मी जन्मात तिला बाबांच्या इतकं शेजारी बसलेलं पाहिलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतसुद्धा मध्ये आजोबा आहेत.

"अजी," ती म्हणाली, "इकडे पाहा ना. आली मी."

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी आईकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. तिनंही खाली पाहिलं नाही. तिनं चमचा पुढे केला तसं त्यांचं तोंड उघडलं. थोडी पेज उजव्या कोपऱ्यातून ओघळली, ती आईनं अंगठ्यानं पुसली आणि पुढचा चमचा भरला. भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा होता. वाटी संपली.

मग बाबांनी डावा हात उचलला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा भिंत. पण हात आईच्या डोक्याकडे गेला. अशक्तपणानं बोटं नीट धरत नव्हती, दोनदा निसटली. आई हलली नाही. बऱ्याच प्रयत्नांनी त्यांनी तिच्या डोक्यावरचा पदर मागे सारला आणि तो खांद्यावर पडला.

आईनं तो परत घेतला नाही.